पडवीतली खुर्ची

माझ्याशिवाय कुणालाच न दिसणाऱ्या म्हाताऱ्याला मी घाबरते, म्हणून दादा-वहिनी मला बारा वर्षं हसले. लॉकडाऊन लागला तशी हीच शहाणी माणसं न दिसणाऱ्या विषाणूला भिऊन बांगडेसुद्धा साबणाने धुवायला लागली.

एसटी बंद झाली आणि रत्नागिरीहून येणाऱ्या माझ्या गोळ्या संपल्या. म्हातारा पुन्हा पडवीतल्या खुर्चीत येऊन बसला.

"बसलाय काय गो तुझा म्हातारा?" म्हणत दादा मुद्दाम त्याच्या मांडीवर बसायचा. वहिनी खिदळायची.

सोमवारी नवीन आशाताई ताप बघायला आली. आमच्या तिघांच्या कपाळासमोर तिने यंत्र धरलं. मग कुणी न सांगता ती खुर्चीसमोर वाकली.

"आजोबांना ताप आहे," ती मागे सरत म्हणाली. "ह्यांच्या अगदी जवळ कोण गेलं होतं?"

मी दादाकडे बोट दाखवलं.