रबराची पट्टी

शेवटचा खिळा काही केल्या निघेना. रालित्सानं पक्कड पुन्हा आवळली आणि कालपासूनचा सगळा राग त्या खिळ्यावर काढला. परवा शनिवारी निवड स्पर्धा होती. जमिनीवरून एकशे सत्तर किलो उचलले तर राष्ट्रीय संघात जागा मिळणार होती. नाही तर बेकरीतली नोकरी होतीच.

पाय जवळ ठेवून उचलायच्या जुन्या पद्धतीत तिचं घोडं एकशे साठावर अडायचं आणि कंबर रात्रभर ठणकायची. पाय लांब टाकून, हात गुडघ्यांच्या आत घेऊन, म्हणजे सुमो पद्धतीनं, तिनं दुसऱ्या गावच्या व्यायामशाळेत एकशे सत्तर एकदा उचलले होते. पण स्तामेन वस्तादांकडे सुमोचं नाव काढायची सोय नव्हती. बंद पडलेल्या गिरणीच्या तळघरात त्यांची तालीम होती. तिथल्या लाकडी चौथऱ्यावर त्यांनी दोन्ही बाजूंना रबराच्या रुंद पट्ट्या ठोकून ठेवल्या होत्या. मधल्या लाकडावर पाय जवळ घेऊनच उभं राहता यायचं. लांब टाकला की रबरात रुतायचा. म्हातारा हट्टी आहे, असं सगळे म्हणायचे आणि मुकाट्यानं पाय जवळ घ्यायचे.

काल तिनं धीर करून विचारलं, तेव्हा वस्ताद शांतपणे म्हणाले होते, "रहा की सुमो उभी. फक्त शनिवारी मी तुझ्या पाठीशी नसेन."

ते तिला फार लागलं. नऊ वर्षं प्रत्येक मोठ्या वजनाआधी वस्तादांची थाप तिच्या पाठीवर पडली होती. त्या थापेशिवाय वजनाच्या लोखंडी बारकडे जायचं तिच्या जिवावर यायचं. तरी आज दुपारी ती आली होती. वस्तादांच्या बायकोला, दोंकाबाईंना, जाऊन आज बारा वर्षं झाली होती. ते कबरीवर गेले असणार, तेवढ्यात पट्ट्या काढून दोन-चार वेळा उचलून बघू, असा तिचा हिशेब होता. दोंकाबाईंना तिनं कधी पाहिलं नव्हतं. गिरणीत माग चालवायच्या आणि संध्याकाळी इथली फरशी पुसायच्या, एवढं ऐकून होती. तालमीच्या दारावर त्यांच्या फोटोचा, श्रद्धांजलीचा छापील कागद असायचा. तो दरवर्षी याच दिवशी बदलला जायचा.

खिळा निघाला. तिनं दुसरी पट्टी ओढून बाजूला केली आणि तशीच बसून राहिली.

लाकडात दोन खळगे होते. एक या टोकाला, एक त्या टोकाला. टाचेशी खोल, चवड्याशी उथळ, बोटं बाहेरच्या अंगाला वळलेली. वर्षानुवर्षं कुणीतरी नेमकं तिथंच, पाय लांब टाकून, जोर लावला होता. खळगे लहान होते. पुरुषाचा पाय त्यात मावला नसता.

"पक्कड जागेवर ठेव आधी," दारातून आवाज आला.

वस्ताद उभे होते. एका हातात खळीचा डबा, दुसऱ्या हातात नवा कागद. रालित्सा धडपडत उठली.

"परत ठोकून देते, वस्ताद. आत्ता देते."

ते पायरीवर बसले.

"हे पाय कुणाचे?" तिनं विचारलं.

"दोंकाचे." ते खळग्यांकडे बघत राहिले. "गिरणी सुटली की यायची. एकदा मी हसलो तिला. चारचौघांत म्हटलं, अगं, वजन उचलतेयस का बाळंत होतेयस? त्यानंतर माझ्यासमोर ती कधी उभी राहिली नाही. सगळे गेले की दार लावून उचलायची. वीस वर्षं. मी बाहेर याच पायरीवर बसून लोखंडाचा आवाज ऐकायचो."

"माफी नाही मागितलीत?"

"मागितली ना. 'बरं' म्हणाली. दार मात्र लावलंच." त्यांनी खळीचा डबा खाली ठेवला. "एकदाच बार तसाच ठेवून गेली, वजनं न उतरवता. मुद्दामच, दुसरं काय. सकाळी मी उचलायला गेलो. हलला नाही."

"किती होते?"

वस्तादांनी हातातला नवा कागद गुडघ्यावर सरळ केला. "ती गेली आणि मी रबर ठोकलं," ते म्हणाले. "तिच्या जागी कुणाचा पाय पडायला नको होता मला."

 एकशे सत्तर रालित्साला हवेच होते, पण या जागेवर पाय ठेवून नकोत. तिनं निमूटपणे हातोडी उचलली आणि पट्टी ओढली.

"बूट काढ," वस्ताद म्हणाले.

"काय?"

"बहिरी झालीस का? बूट काढ. ती अनवाणी उचलायची."

तिनं बूट काढले. एकशे सत्तर लावले. उजवा पाय खळग्यात ठेवला, मग डावा. दोन्ही टाचा अलगद खाली बसल्या. तिला पाय जुळवावेच लागले नाहीत. मागून थाप पडली, नेहमीपेक्षा जरा जोरात. बार जमिनीवरून सुटला, गुडघ्यांवरून गेला आणि ती ताठ उभी राहिली.

"शनिवारची बस सातला आहे. झोपून राहू नकोस," वस्ताद म्हणाले आणि नाक पुसत दाराकडे गेले.

ती बूट घालून मागोमाग आली, तेव्हा नवा कागद चिकटवून झाला होता. फोटो तोच, छापलेल्या ओळी दरवर्षीच्याच: प्रेमळ पत्नी, कष्टाळू आई. वस्तादांनी कानामागची पेन्सिल काढली आणि त्याखाली सावकाश, ठळक आकड्यांत लिहिलं: १८५ किलो.