अनसूयाताईंची ओळख

"माझं अंत्यविधीच्या सामानाचं दुकान आहे," अनसूयाताई माईकवर म्हणाल्या. महिला उद्योजकांच्या त्या मेळाव्यात साड्या, मसाले, केक विकणाऱ्या सगळ्यांनाच टाळ्या पडल्या होत्या. आता मात्र एकही टाळी वाजली नाही. चहाच्या वेळी त्यांचं कार्ड कुणीच घेतलं नाही.

निघताना केक करणारी मृण्मयी हळूच जवळ आली. "ताई, नंबर द्याल? आईचं काही खरं नाही. घरात मी एकटीच आहे."

"कधीही फोन कर. मी येईन."

महिनाभरात फोन आला. अनसूयाताई सामान घेऊन गेल्या, आईला साडी नेसवली, स्मशानात मृण्मयीचा हात धरून उभ्या राहिल्या. परतताना त्यांना वाटलं, आपल्यालाही एक मैत्रीण मिळाली.

पुढच्या मेळाव्याला त्या लवकर गेल्या आणि मृण्मयीसाठी शेजारची जागा धरून ठेवली. मृण्मयी आली, त्यांना पाहून थबकली. तिचे डोळे भरले.

"माफ करा ताई, तुम्हाला पाहिलं की तोच दिवस आठवतो." ती मागच्या रांगेत जाऊन बसली.

"असू दे गं," अनसूयाताई म्हणाल्या आणि शेजारच्या खुर्चीवरची पर्स उचलून मांडीवर घेतली.