मागून आणलेलं जगत नाही

भिंतीवरून ओघळणाऱ्या लाल जिरेनियमला सुनीतीने हात लावला, तसे अप्पा ओळख नसल्यासारखे चार पायऱ्या पुढे उतरून गेले. आईबरोबरही ते जन्मभर असेच पुढे जात आले होते.

आई प्रत्येक सहलीत कुणाच्या तरी कुंडीतली फांदी खुडायची आणि ओल्या रुमालात गुंडाळून घरी आणायची. “मागून आणलेलं रोप जगत नाही, चोरलेलंच जगतं,” असं ती ठासून सांगायची. इटलीत, डोंगर थेट समुद्रात उतरतो अशा ह्या किनाऱ्यावर यायचं तिनेच ठरवलं होतं आणि त्यासाठी गॅलरीत एक कुंडी रिकामी ठेवली होती. मार्चमध्ये आई गेली. कुंडी रिकामीच राहिली.

फांदी मोडणार तेवढ्यात वरच्या खिडकीतून एका म्हातारीने हाक मारली. सुनीती जागीच थिजली. म्हातारी कात्री घेऊन खाली आली, हसली आणि तिने स्वतःच एक छान फांदी कापून सुनीतीच्या हातात ठेवली.

“घ्या, प्रेमाने दिली बाईंनी,” अप्पांना गाठून सुनीती म्हणाली. “आता ही काही जगत नाही.”

अप्पांनी मागे पाहिलं. म्हातारी आत गेली होती. त्यांनी खिशातून रुमाल काढला, बाटलीतल्या पाण्याने भिजवला आणि ते पायऱ्या परत चढू लागले.

“अप्पा, कुठे निघालात?”

“तू हो पुढे,” ते वळून न बघता म्हणाले. “आणि कुणी विचारलंच, तर हा म्हातारा आपल्या ओळखीचा नाही म्हणून सांग.”