सोमवारची पोती

सौंदड स्टेशनच्या एका बाजूला माझी राइस मिल, दुसऱ्या बाजूला सॅम्युअल बोरकरची. तो दर रविवारी मिल बंद ठेवून चर्चला जातो, ऐन हंगामातसुद्धा. मी मुद्दाम रविवारी पहाटेच मिल चालू करतो. तरी लोकांची धानाची पोती त्याच्यासाठी सोमवारपर्यंत थांबतात. वीस वर्षं हेच बघून मी जळतो आहे.

आज जेवताना बायकोला, मंदाला म्हटलं, "त्याच्या प्रार्थनेत असं काय हाय?"

"प्रार्थनेचं मले नाई मालूम. पण भरडताना तुटलेल्या तांदळाची कनकी तुम्ही ठेवून घेता, तो वापस देते."

"तुले कोनं सांगतलं?"

मंदाने माझ्या ताटात भात वाढला.

"आपल्या घरचं धानबी सोमवारपर्यंत थांबते."