चारावर पाच

"सर, पुन्हा उलटं झालं," ऋजुता म्हणाली. जर्मनीतली नर्सची नोकरी उद्याच्या भाषापरीक्षेवर अडली होती, आणि रेकॉर्डिंगमधला डोस पंचेचाळीस असला की ही चोपन्न लिहायची.

मी वैतागून थेट आकड्यांच्या मुळाशी गेलो. "जर्मन माणूस पूर्वापार आधी पाच म्हणतो, मग चाळीस. इंग्रजही एके काळी तसंच म्हणायचा. आणि आपण? पंचेचाळीस. पाच आधीच की. मराठीत लिहिताना चुकतेस का?"

"मराठीत उजळणी आहे ना, सर," म्हणत तिने डोळे मिटले.

मी रेकॉर्डिंग पुन्हा लावलं. जर्मन बाईने डोस सांगितला आणि ऋजुता पुटपुटू लागली, "चारावर एक एक्केचाळीस, चारावर दोन बेचाळीस..."

उत्तर अगदी बरोबर आलं. तोवर ती बाई उरलेले सगळे डोस सांगून गप्प झाली होती.