शुक्रवारची दहा मिनिटं

तिसरा राजीनामाही सोमवारीच आला, आणि कारणही तेच: घरगुती.

विभागप्रमुख बाईंनी कागद दोनदा वाचला. चष्म्याच्या काचा घासणाऱ्या या विभागात येऊन त्यांना जेमतेम दोन महिने झाले होते आणि दहा माणसांची सात उरली होती. वरच्या मजल्यावरच्या साहेबांनी तर स्पष्टच सांगितलं, "आणखी एक गेला की विभागाला टाळं. काम बाहेरून करून घेऊ. माणसं सांभाळायला शिका, बाई."

शिकतच तर होत्या त्या. महिन्यापूर्वी प्रशिक्षणाला जाऊन आल्या होत्या. चुका सगळेच दाखवतात, चांगलं कुणी बोलून दाखवत नाही, हे तिथलं वाक्य त्यांच्या मनाला लागलं होतं. तेव्हापासून दर शुक्रवारी चार वाजता एकाला केबिनमध्ये बोलवायचं, दार लावायचं, चहा मागवायचा आणि दहा मिनिटं नुसतं चांगलं बोलायचं. उणा शब्द एकही नाही.

तिघांचंही त्यांनी तोंडभरून कौतुक केलं होतं. तिघांनीही मान खाली घालून ऐकलं. पॉलिशवालीच्या तर डोळ्यांत पाणी आलं. हिला आजवर कुणी बरं म्हटलंच नसेल, या विचाराने बाईंनाही भरून आलं होतं. आणि आज तिचाच कागद हातात.

"मीच उशीर केला," संध्याकाळी लेकीला भरवताना त्या नवऱ्याला म्हणाल्या. "त्यांची मनं आधीच उडालेली होती."

"मलाही दे की एखादा शुक्रवार," नवरा म्हणाला. "रोज भांडी घासतो, कुणाला पत्ता तरी आहे का?"

त्या हसल्या, पण घास हातातच राहिला. लेकीने तो ओढून स्वतःच तोंडात घातला. "शाब्बास गं राणी!" त्या म्हणाल्या. हल्ली हे सहज जमायला लागलं होतं.

आता काहीही करून विभागातल्या सगळ्यात जुन्या कारागिराला, काकांना धरून ठेवायचं होतं. काकांनी काचेच्या कडेवरून अंगठा फिरवला की केसाएवढा टवकाही सापडायचा. सगळा विभाग त्यांच्याकडे बघून चालायचा.

बुधवारी बाईंनी फळ्यावर लिहिलं: शुक्रवार, काका. त्या दिवशी मशीनवर कुणी कुणाची टर उडवली नाही. सगळे खाली बघून काम करत राहिले. चला, लक्ष लागायला लागलं, असं वाटून बाईंचा जीव जरा थाऱ्यावर आला.

शुक्रवारी काका इस्त्रीचा शर्ट घालून आले. चार वाजता दारावर टकटक केली.

"या, बसा काका. चहा घ्या आधी."

काकांनी कप घेतला, पण तोंडाला लावला नाही.

"वर्षभरात तुमच्या हातची एक काच परत आली नाही," बाईंनी सुरुवात केली. "नवीन माणसावर तुम्ही आवाज चढवत नाही, हात धरून शिकवता. खरं सांगू? हा विभाग तुमच्यामुळे उभा आहे." शेवटी त्यांचाच आवाज कापला.



"पुरे आता, बाई. किती जिवाला लावून घ्याल? मी दुपारीच वर देऊन आलोय."

"काय देऊन आलात?"

"राजीनामा. माझा, आणि बाकीच्या सहाजणांचाही. माझीच पाळी आली म्हटल्यावर कुणीच राहत नाही, हे कळलं सगळ्यांना. साहेबांनी सातही कागद लगेच मंजूर केले."

बाई ताडकन उठल्या. "अहो, पण का?"

"सोमवारपर्यंत आपणहून लिहून दिलं, तर नोकरीच्या दाखल्यावर डाग पडत नाही, एवढं आम्हाला ठाऊक आहे." काकांनी कप हलकेच टेबलावर ठेवला. "तुमच्या आधीचे साहेबही ज्याला काढायचं असेल त्याला शुक्रवारी दार लावून चहा द्यायचे आणि दहा मिनिटं नुसतं चांगलं बोलायचे."