मुडदा निवृत्त होतो

आमच्या बँडचा गायक, स्टेजवरचं नाव मुडदा, गेल्या महिन्यात निवृत्त झाला. झालाच नाही असं समजून पुढे वाचा, बाकी सगळ्यांनी तसंच समजलंय.

उभा जन्म त्याने स्टेजवर रोज नकली कोयत्याने स्वतःचं मुंडकं उडवून घेतलं. हल्ली लोक ते वेफर्स खात बघायचे. मान धरली, गुडघे गेले, तेव्हा एका प्रयोगात त्याने तोंडाचा रंग पुसला, चष्मा लावला आणि माइकवर म्हणाला, "मंडळी, आता झेपत नाही. घरी जातो."

सभागृह थिजलं. पुढच्या रांगेत दोघी बेशुद्ध पडल्या. मग सगळे उभे राहून ओरडले, "वन्स मोअर!"

विंगेत मॅनेजर डोळे पुसत होता. "काय अंगावर आलं रे! आता प्रयोगाच्या शेवटी रोज हेच करायचं."

तेवढ्यात वहिनींचा फोन आला. "अहो, सुटलात ना एकदाचे? जेवायला थांबू का?"

"तू जेवून घे," मुडदा म्हणाला. "मला पुन्हा निवृत्त व्हायचंय."

कालच्या प्रयोगात त्याने माइकवर चार शब्द वाढवले:



"तरी उपस्थित प्रेक्षकांनी टाळ्या न वाजवता सदर कलाकारास खरोखर घरी जाऊ द्यावे, ही नम्र विनंती."